शिव्या थोरलीला, टाळ्या भलत्याला

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की तू हे पत्र वाचून संपवेपर्यंत मी जमिनीवर पालथीच पडून राहणार आहे. नंतर उठवायचं की लाथ घालायची, ते तू ठरव.

फोन करून सांगितलं असतं, पण तुमच्या लाँड्रीचा फोन काउंटरवर आणि काउंटरवर तुझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या मोठ्या काकू. तुझा स्वतःचा मोबाइलसुद्धा वाफेने बिघडतो म्हणून त्यांच्याच गल्ल्यात पडलेला असतो. त्यामुळे हे समोरच्या घड्याळजींच्या पत्त्यावर पाठवतेय. त्यांना म्हणावं, पाकीट उघडू नका. आणि तूही बसून उघड.

गेल्या वर्षी मी चार दिवस राहायला आले होते आणि तुझा घसा बसून आवाज पार पुरुषासारखा झाला होता, आठवतं? मी तुला न्हाणीघरात उभी केली, हातात माईक दिला आणि म्हटलं, आमच्या सिनेमात एक अक्राळविक्राळ प्राणी आहे, त्याला एक मोठा नट नंतर आवाज देणार आहे, तोवर आम्हाला कामापुरता कच्चा आवाज हवाय. तू रागारागाने काहीही बोल, नंतर पुसून टाकणार. तू विचारलंस, "काहीही?" मी म्हटलं, "काहीही." तू आतून कडी लावलीस आणि अकरा मिनिटं बोललीस.

मावशी, ते पुसलं गेलं नाही.

आमच्यात कच्च्या आवाजाच्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, "काढणे" असं लिहून ठेवायची पद्धत आहे. नटाचा आवाज आला, दिग्दर्शकाला त्यातली चार वाक्यं आवडली नाहीत, म्हणून मी त्याच्याही पट्टीवर "काढणे" लिहिलं. आणि समीक्षकांच्या खेळाच्या आदल्या दिवशी दोनांतली एक काढली. नको ती काढली.

छोटं थिएटर, बेचाळीस समीक्षक, सगळ्यांची तोंडं आंबट. सिनेमाचं नाव "मोरीखालचं". एका इमारतीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं मोरीत जे जे ओतलं, त्या केसांचा, साबणाचा, चहाच्या चोथ्याचा मिळून हा प्राणी तयार झालेला असतो आणि तो जाळी उचकटून बाहेर येतो आणि इमारतीच्या कमिटीला एकेक करून खातो. त्याने अध्यक्षांचा पाय धरला. आता नटाचं वाक्य होतं, "मी तुमच्या पापांचा गाळ आहे!" त्याच्याऐवजी अख्ख्या थिएटरभर तुझा आवाज घुमला, "तो लाकडी हँगर माझा आहे, ठेव खाली!"

मी ओढणीत तोंड लपवलं. पण लोक हसले गं. आधी एक, मग दहा, मग सगळे. पहिल्या रांगेत एक ज्येष्ठ समीक्षक बसतात, त्यांना आम्ही दगडोबा म्हणतो, कारण गेल्या वीस वर्षांत त्यांचा ओठ हललेला कुणी पाहिलेला नाही. ते खुर्चीवरून घसरले. खेळ संपल्यावर त्यांनी दिग्दर्शकाचा हात धरून विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" आणि आमचा दिग्दर्शक, ज्याला ते वाक्य तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं, शांतपणे म्हणाला, "दोन वर्षं डोक्यात घोळत होतं."

आता सिनेमा याच आवाजात लागणार आहे. पोस्टरवर नाव नटाचं. मोठ्या काकूंचं काय करायचं, ते तू सांग. मी पालथी आहेच.

तुझी अपराधी,
भुंगा

१० फेब्रुवारी

चि. भुंगा हिस आशीर्वाद द्यावेत की नाही, याचा विचार चालू आहे.

मेले, तू मला जिवंत गाडलंस! तुला पुसायला सांगितलं होतं. आमच्याकडे एखाद्या पोरीने डाग काढायचा सोडून तो कोट चारचौघांत मिरवला असता, तर तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तुला बढती मिळाली असेल!

घड्याळजींच्या दुकानात बसून वाचलं. माझा चेहरा बघून त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "मीच जाणार आहे, बहुतेक."

तुला काही कळतंय का? मी त्या न्हाणीघरात जे बोलले ते थोरलीबद्दल बोलले. एकेक शब्द. बावीस वर्षं ती काउंटरवर आणि मी पडद्यामागे, इस्त्रीच्या वाफेत. गिऱ्हाईक आलं की ती हसणार, पावती फाडणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "वा, काय निघालाय हो डाग, तुमच्या हाताला गुण आहे!" तिच्या हाताला! तिच्या हाताला शाईशिवाय काही लागत नाही. आणि ही बया एकदा तरी म्हणेल की नाही, "अहो, डाग माझी जाऊ काढते"? नाही. "आपलाच धंदा" म्हणून गोड हसते.

पण ती वाईट नाही गं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. वाईट असती तर बावीस वर्षांपूर्वीच तोंडावर बोलून मोकळी झाले असते. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने तिने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. तुला चार वर्षं शिकायला ठेवली, तेव्हा तुझी वेणी कोण घालायचं? मी घालायचे का? तीच ना! तिला हे ऐकू गेलं तर ती भांडणार नाही, आदळआपट करणार नाही. गप्प बसेल. एका छपराखाली, एका दुकानात ती माझ्याशी मरेपर्यंत गप्प बसली तर मी काय करू? आमचे नवरे, ते दोघे भाऊ, तर काय, कपडे गाडीवर घालून सकाळी जातात ते संध्याकाळी उगवतात. दिवसभर आम्ही दोघीच.

करायला गेले एक, झालं भलतंच. ते ताबडतोब काढून टाक. त्या नटाचा गाळ का काय तो घाल.

मावशी

२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काढणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. सिनेमा लागला, आणि चालला. आणि त्याहून वाईट म्हणजे गाजला. तुझ्या रागाला मान देऊन मी परीक्षणं जशीच्या तशी उतरवून पाठवतेय, म्हणजे तुझं नक्की कशाबद्दल डोकं फिरायला हवं ते तुला कळेल.

एका दैनिकात: "'बावीस वर्षं वाफ खातेय मी!' या आक्रोशातून हा प्राणी तापत चाललेल्या पृथ्वीचं दुःख मांडतो."

दुसऱ्यात, जिथे सगळ्याच सिनेमांत कामगार शोधतात: "'कॉलर मी घासायची आणि कौतुक तू घ्यायचं?' या एका वाक्यात श्रमाच्या चोरीचा सगळा इतिहास आला आहे."

एका मासिकातल्या बाईंनी तीन पानं फक्त हँगरवर लिहिली आहेत. त्यांच्या मते लाकडी हँगर म्हणजे हरवलेलं अरण्य. प्राणी ते परत मागतोय. लाकडी आहे, प्लास्टिकचा नाही, हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलंय.

एकाने मात्र धुतलंय: "प्राणी कापसाचा दिसतो, रक्त सरबतासारखं दिसतं, विनोद पोरकट आहेत. तरी शेवटपर्यंत बसलो, कारण तो आवाज पुढे काय म्हणतो याची उत्सुकता होती."

आणि दगडोबा. त्यांनी एवढंच लिहिलंय: "'हसतेस काय गोड गोड? मागे ये जरा, मग हस!' हे वाक्य ऐकताना मला हसू आलं आणि घरी गेल्यावर झोप आली नाही. हा राग कुणीतरी खरोखर अनेक वर्षं सांभाळून ठेवलेला आहे. पुरुष नटाने तो बाई होऊन बोलावा, हे धाडस."

नटाने अजून सिनेमा बघितलेला नाही. तो दुसऱ्या चित्रीकरणात आहे. त्याने नुसती परीक्षणं वाचून मुलाखत दिली की हा आवाज सापडावा म्हणून तो नऊ दिवस गळ्यापर्यंत थंड पाण्यात उभा होता. मावशी, तो अर्धा दिवस आला होता. त्यातला पाऊण तास त्याने खुर्ची मऊ नाही म्हणून घालवला.

भुंगा

५ मार्च

चि. भुंगा,

आशीर्वाद. घेऊन टाक, रागवून तरी किती दिवस बसायचं.

इथे काय झालंय ते ऐक. थोरलीने ती सगळी परीक्षणं कापून काउंटरच्या काचेखाली लावली आहेत! "आपल्या पोरीचा सिनेमा" म्हणून. सिनेमा बघितलेला नाही, इथे लागलाच नाही अजून, पण आल्यागेल्याला वाचून दाखवते. काल एक मास्तर कोट घ्यायला आले. थोरली काचेवर बोट ठेवून वाचतेय, "'हसतेस काय गोड गोड?' बघा हो मास्तर, काय लिहिलंय!" आणि गोड गोड हसतेय! मी पडद्याआड उभी. इस्त्री हातात तशीच, आणि खाली एका वकिलाची पॅन्ट. तिच्यावर इस्त्रीचा तिकोनी ठसा उठला. वकिलाला नवी घेऊन द्यावी लागणार. तुझ्याकडून वसूल करीन.

रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली, "त्या नटाला कसं गं कळलं असेल कॉलर घासण्याचं? त्याच्या घरी लाँड्री होती की काय?" माझ्या घशात घास अडकला. तिनेच पाठीत धपाटे घातले.

बाकी, समीक्षक म्हणजे नक्की काय नोकरी असते गं? दिवसभर सिनेमे बघायचे आणि नसलेले डाग दाखवायचे? हँगर म्हणजे अरण्य! हँगर म्हणजे हँगर, मेला. माझ्या साड्यांसाठी घेतलेला, थोरलीने स्वतःच्या कोटाला लावला. ते तीन पानं लिहिणाऱ्या बाईंना सांग.

त्या दगडोबांचं कात्रण मात्र पाठव. थोरलीने त्याच्यावर पिनांची डबी ठेवली आहे, नीट वाचता येत नाही. तसं काही खास नाही, नुसतं बघायचंय. दोन प्रती पाठव.

मावशी

१८ मार्च

प्रिय मावशी,

तीन प्रती पाठवल्या आहेत. एक घड्याळजींना दे. त्यांनी मला वेगळं कार्ड टाकून मागितली आहे. त्यांना सगळं माहीत आहे, तूच सांगितलं असशील.

आता मन घट्ट कर. समीक्षक मंडळाचा या वर्षीचा अभिनयाचा पुरस्कार जाहीर झाला. "मोरीखालचं"मधल्या आवाजासाठी. नटाला.

मी ऐकलं तेव्हा मशीनसमोर बसले होते. कानांत तूच होतीस, कारण परदेशी पाठवायची प्रत तयार करत होते. तू म्हणत होतीस, "माझं नाव काय ते तरी विचारलं का कुणी?" आणि बाहेर टाळ्या चालल्या होत्या त्याच्या नावाच्या. मावशी, मला रडू फुटलं. मी दिग्दर्शकाकडे गेले, निर्मात्याकडे गेले. निर्माता म्हणाला, पोस्टर छापून झालंय. दिग्दर्शक म्हणाला, "कलाकृतीत 'मी' कुठे असतो?" स्वतःचं नाव त्याने पाच ठिकाणी घातलंय.

आणि मी सही केलेली आहे. सिनेमा कसा बनला यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही, असं करारात आहे. बोलले तर नोकरी जाईल आणि पुढेही कुणी उभं करणार नाही. तरी तू म्हणालीस तर बोलते. तुझ्या गळ्याची शपथ, खरंच बोलते. किंवा तू स्वतः बोल, तुझी कुठे सही आहे? दगडोबांना एक पत्र टाक. तो आवाज तुझा आहे. एकदा तरी तुझं नाव पुढे येऊ दे.

भुंगा

२३ मार्च

चि. भुंगा,

तू बोलायचं नाहीस. नोकरी घालवून मावशीचं नाव काढणारी भाची मला नको.

आणि मीही बोलणार नाही. खोटं कशाला सांगू, मला लागलं. फार लागलं. दगडोबांचं ते कात्रण मी इस्त्रीच्या टेबलाखाली चिकटवलंय, वाकलं की दिसतं. दिवसातून दहादा काहीतरी खाली पाडते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं की बाई, तू जे बोललीस त्याने मला झोप आली नाही. ते दुसऱ्याच्या नावावर गेलं. चांगला निघालेला डाग थोरलीच्या नावावर जायचा, तो तरी घरातच राहायचा. हा तर कोण कुठला, मऊ खुर्ची मागणारा!

पण मी "आवाज माझा" म्हटलं की थोरली विचारणार, "मग बोललीस कुणाला?" आणि मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. नाव पाहिजे तर घर सोड, असा हा सौदा आहे. मला नाव नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि बुक्क्या मीच मारतेय.

आणि ऐक, आता खरं संकट. सिनेमा शुक्रवारी इथे लागतोय. थोरलीने चार तिकिटं काढली आहेत. दुकान बंद ठेवणार म्हणे, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं डोकं दुखतंय. म्हणाली, गोळी घे. मी म्हटलं भुताखेतांची मला भीती वाटते. म्हणाली, माझा हात धर.

मावशी

३१ मार्च

चि. भुंगा,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय.

गेलो. तिने मला मधे बसवलं आणि खरंच माझा हात धरला. प्राणी जाळीतून वर यायला लागला तशी मी डोळे मिटले. मग माझा आवाज आला. अगं, केवढा मोठा! भिंतींतून येत होता. मला स्वतःलाच धडकी भरली. लोक हसायला लागले. तुझे काका हसले. त्यांचे मोठे भाऊ तर मांडीवर थापा मारत होते. तिच्या हातात माझा हात होता, आणि पहिल्याच वाक्याला तो हात थांबला. आवळला नाही, सोडलाही नाही. नुसता थांबला. सव्वादोन तास.

बाहेर आल्यावर दोघे भाऊ म्हणाले, "भारी आहे तो नट!" थोरली म्हणाली, "चला, उशीर झाला."

आज चौथा दिवस. माझ्याशी एवढंच बोलते, "निळा कोट, दोन नग. शनिवारपर्यंत." मी "हो" म्हणते. काउंटरच्या काचेखालची सगळी कात्रणं तिने काढली. काच पुसली. मी आतून बघत होते. मला वाटलं, फाडेल. तिने ती नीट पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. त्यापेक्षा फाडली असती तर बरं झालं असतं. काल दुपारी ती दोन तास काहीतरी लिहीत बसली होती. मी चहा ठेवला, तर कागदावर हात पालथा धरला. वेगळं व्हायचं लिहीत असेल. दुकानाच्या दोन वाटण्या.

भुंग्या, माझं घर गेलं गं. जाऊ दे ते नाव, जाऊ दे तो पुरस्कार. मला फक्त तिने एकदा काहीतरी बोलायला हवंय. शिव्या दिल्या तरी चालतील.

मावशी

७ एप्रिल

मावशी,

घाईत लिहितेय, पुढचं सगळं तूच वाच. कालच्या दैनिकात, दगडोबांच्या रकान्याच्या जागी, चौकटीत आलेलं पत्र आहे. मूळ कात्रण सोबत आहे, पण शाई पुसट आहे म्हणून उतरवूनही देते.

"संपादक महाशयांस,

'मोरीखालचं' या सिनेमातल्या आवाजाबद्दल एका नटाला आपल्या समीक्षकांनी पुरस्कार दिल्याचं वाचलं. तो आवाज त्यांचा नाही. माझ्या धाकट्या जावेचा आहे.

पुरावा काय, असं आपण विचाराल. पुरावा मी. त्या सिनेमात जे काही बोललेलं आहे ते मला बोललेलं आहे. ज्याला शिव्या बसतात त्याला त्या कुणाच्या तोंडच्या हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

आमच्या घरची मुलगी या सिनेमात ध्वनीचं काम करते. ती गप्प आहे, म्हणजे तिला गप्प बसवलेलं आहे, कारण ती चार वर्षं आमच्याकडे राहत होती आणि झोपेतही गप्प बसत नसे. माझी जाऊ गप्प आहे ती माझ्यामुळे. तेव्हा बोलायला मीच उरले.

आपल्या समीक्षकांनी काही गोष्टी चुकीच्या लिहिल्या आहेत, त्या दुरुस्त करते. वाफ म्हणजे पृथ्वीचा ताप नव्हे. वाफ म्हणजे आमच्या मागच्या खोलीतल्या इस्त्रीची वाफ. कॉलर म्हणजे कॉलर. ती घासते आणि कौतुक मी घेते, हे खरं आहे. बावीस वर्षं खरं आहे. मला वाटायचं की आपलाच धंदा, आपलंच कौतुक, त्यात हिचं-माझं काय करायचं. कौतुक ज्याच्या वाट्याला येतं त्याला असंच वाटत असणार. सिनेमात ते ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. रागही आला, कारण तिने हे मला सांगायला हवं होतं, मोरीला नव्हे.

मी गोड हसते हेही खरं आहे. काउंटरवर रडून चालत नाही.

हँगरचं मात्र साफ खोटं आहे. तो हँगर माझ्या माहेरचा आहे. मासिकातल्या बाईंनी नोंद घ्यावी.

नट महाशय थंड पाण्यात नऊ दिवस उभे राहिले असं वाचलं. त्यांनी आमच्या मागच्या खोलीत एक दिवस उभं राहून दाखवावं. दुकान नऊला उघडतं.

पुरस्कार परत घ्यायचा की नाही, हे आपण बघा. नाव तेवढं दुरुस्त करा. माझ्या जावेने मला दिलेल्या शिव्या परक्या माणसाच्या नावावर लागलेल्या मला चालणार नाहीत.

आपली,
लाँड्रीवाली थोरली"

मावशी, इथे धरणीकंप झालाय. निर्मात्याच्या दारात पत्रकार उभे आहेत. मला बोलावून म्हणाला, "तू करार मोडलास!" मी म्हटलं, "मी कुठे बोलले? विचारा की त्या बाईंना." त्याने काल रात्रीच नावांची पाटी बदलायला लावली. मीच बदलली. तुझं नाव मी घातलं, आणि अक्षर जरा मोठंच घातलं. नट म्हणतोय, "मला पहिल्यापासून शंका होती." दिग्दर्शक म्हणतोय, ते पत्रसुद्धा त्याच्या कलाकृतीचाच भाग आहे. आणि दगडोबांनी पत्राखाली एक ओळ टाकली आहे: "वीस वर्षांत माझं इतकं अचूक परीक्षण कुणी केलं नव्हतं."

काकू काय म्हणाल्या ते लगेच कळव. मला इथे पाणी गोड लागत नाहीये.

भुंगा

१२ एप्रिल

चि. भुंगा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घड्याळजींकडे वाचलं. घरात कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, पेपरही तिनेच लपवला असणार. मी वाचत गेले आणि घड्याळजी मला पाणी देत गेले. हँगरपाशी आल्यावर मी मोठ्याने ओरडले, "खोटारडी!" आणि शेवटच्या ओळीला हमसून हमसून रडले. त्या बिचाऱ्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

पुढच्या दाराने जायची हिंमत झाली नाही. मागून गेले, इस्त्री लावली, आणि उभी राहिले. एकाच रुमालावर तीनदा इस्त्री फिरवली. काय बोलायचं? माफ करा म्हणायचं, तर मग हँगरचं काय? मनात दहा वाक्यं जुळवली, एकही धड होईना.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी आलं. दोघीतिघी बायका होत्या, आवाजावरून. एक म्हणाली, "त्या सिनेमातल्या त्या तुम्हीच का हो?" मी पडद्याला कान लावला.

"मी नाही," थोरली म्हणाली. "मी ती, जिला बोललंय. थांबा." आणि पडद्याकडे तोंड करून ओरडली, "ए, बाहेर ये गं! तुला बघायला आलेत!"

बावीस वर्षांत तिने मला असं बाहेर बोलावलं नव्हतं. गेले. केस वाफेने चिकटलेले, पदर खोचलेला, नाक लाल. काउंटरच्या पलीकडे तीन बायका माझ्याकडे बघतायत. थोरली स्टुलावरून उठली आणि बाजूला झाली. "बस," म्हणाली. मी बसले नाही, नुसती उभी राहिले. मग ती गिऱ्हाइकांना म्हणाली, "डागसुद्धा हीच काढते. मी नुसती पावती फाडते."

त्यातली एक तरुण मुलगी हात जोडून म्हणाली, "एक वाक्य म्हणा ना, प्लीज. ते गोड गोडवालं." मी तोंड उघडलं. काही येईना. शब्दच नाहीत! पाठ असलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे.

थोरली शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "माझ्याकडे बघ, म्हणजे येईल."

बघितलं गं. तिचेही डोळे भरलेले होते, आणि चेहऱ्यावर ते मेलं गोड हसू. झालं! काउंटरवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले, गिऱ्हाइकांसमोर. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या बायकांना म्हणाली,

"आज हिला जमणार नाही. तुम्ही उद्या या. उद्यापर्यंत मी हिला चांगली चिडवून ठेवते."

तुझी,
मावशी